आदर्श डायोड कुठल्या खणात?

आक्कांच्या खिडकीचा नियम एकच होता. जळका द्या, चांगला न्या.

तंत्रशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा. तिला लागून एक चिंचोळी खोली. त्या खोलीची ही खिडकी. खिडकीमागे आक्का आणि आक्कांमागे दोनशे सोळा खण. प्रयोग करताना पोरं काही ना काही जाळायची. मग तो मेलेला तुकडा घेऊन खिडकीशी रांग लावायची. आक्का तो चिमटीत धरत, नाकाशी नेत आणि निदान सांगत.

"उलटा जोडलास."

"नाही हो आक्का, सरळच होता."

"उलटा जोडलास आणि वर अर्धा मिनिट बघत बसलास. वास मुरलाय."

मग पोराची मान खाली आणि आक्कांचा हात मागे. खणाकडे न बघता त्या नेमका तुकडा काढत. बावीस वर्षांत एकदाही हात चुकला नव्हता.

खरं तर त्या इथे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. खिडकीवरचे गृहस्थ आजारी रजेवर गेले होते. ते परत आलेच नाहीत. आक्कांना कुणी जा म्हटलं नाही. त्याही गेल्या नाहीत.

शिक्षण बेताचं. गणिताशी तर शाळेतच फारकत झालेली. पण वीज अडवणाऱ्या रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे त्यांनी पहिल्या आठवड्यात पाठ केले. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. प्रत्येक रंगाला आकडा आणि तीन पट्ट्यांत रेझिस्टरची सगळी कुंडली. यजमान शिंपी, घरात दोऱ्याच्या रिळांचा डोंगर. त्यामुळे रंग डोळ्यांत बसलेले होते. पुढे ही सवय जरा अंगाशी आली. यजमानांनी एकदा हौसेने पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट शिवला. तपकिरी, काळा, नारिंगी. घालून समोर उभे राहिले. कसा दिसतोय, म्हणाले.

"दहा हजार," आक्का म्हणाल्या.

यजमान खूश झाले. खरं कारण त्यांना चार दिवसांनी कळलं. शर्ट परत अंगावर चढला नाही.

असं सगळं बरं चाललं होतं. मग कागद आला.

कागदावर लिहिलं होतं की यापुढे प्रयोगशाळेचं सामान सांभाळणाऱ्याने सहायकाची परीक्षा पास असलं पाहिजे. चाळीस गुणांचा पेपर, पास व्हायला सोळा. डायोड, व्होल्टेज स्थिर ठेवणं आणि फेट नावाचा तीन पायांचा ट्रान्झिस्टर, एवढे तीन धडे. सत्र संपायच्या आत पास व्हा. नाहीतर तळघरातल्या शिक्का विभागात बदली.

आक्का शिक्का विभाग बघून आल्या. एक टेबल. एक शिक्का. एक शाईची गादी. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे ढीग. ढिगांमागे एक गृहस्थ बसले होते. अकरा वर्षं ते शिक्के मारत होते. आक्का दारात दिसताच ते इतक्या आशेने "या, या, बसा" म्हणाले की आक्का आल्या पावली परत फिरल्या.

अभ्यासाला पुस्तक एकच होतं. विभागप्रमुखांचं. त्यांना पोरं समजासर म्हणायची, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा' या शब्दाने सुरू व्हायचं. समजा, एक बॅटरी आहे. समजा, तिच्यात दोष नाही. समजा, तारांना विरोध नाही. सरांच्या हातात कायम खडू. बॅटरीला त्यांनी शेवटचा हात कधी लावला, हे कुणाला आठवत नव्हतं. पुस्तक त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं. छापखान्याचा खर्च नको म्हणून एका वळणदार अक्षराच्या कारकुनाकडून उतरवून घेतलं होतं आणि त्याच्या प्रती काढल्या होत्या. शेवटच्या पानांवर उत्तरं. सर दरवर्षी परीक्षेत तीच उदाहरणं घालायचे, आकडेसुद्धा तेच. पोरंही तयार होती. ती उत्तर आधी पाठ करायची. मग कशीबशी रीत लिहून त्या उत्तरापर्यंत पोचायची.

प्रयोगशाळेची प्रत खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली असायची. आक्कांनी ती सोडवली आणि पहिलं उदाहरण उघडलं.

समजा, डायोड आदर्श आहे.

आक्का थांबल्या. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा. एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. जाऊ देताना तो स्वतःसाठी थोडं व्होल्टेज ठेवून घेतो, हेही माहीत होतं. सगळेच ठेवतात. आदर्श डायोड म्हणे काहीच ठेवत नाही. आक्कांनी दोनशे सोळा खण आठवून पाहिले. मग सामानाची वही पाहिली. मग दुकानदाराला फोन केला.

"आदर्श डायोड आहे का हो?"

"मिळाला की मलाही सांगा," दुकानदार म्हणाला.

रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसल्या. शेजारी सासूबाई लसूण सोलत होत्या. बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं. सासूबाईंना आपल्यासमोर कुणी मनात वाचलेलं खपत नसे.

"मोठ्याने वाच. काय आहे?"

"झेनर."

"कोण?"

"डायोडच, पण वेगळा. व्होल्टेज कमी-जास्त होऊ देत नाही. वरून पंधरा आले तरी हा नऊच ठेवतो. वीस आले तरी नऊच."

"मग उरलेले?"

"ते वरच्या रेझिस्टरवर पडतात. तो तापतो बिचारा."

"आणि वाहवा कुणाची होते? झेनरची?"

"हो."

सासूबाईंनी मशीनच्या आवाजाकडे एकदा पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. "तापत जा तूही," त्या म्हणाल्या. "निदान पुस्तकात येशील."

गणित काही जमेना. आक्का कागदावर आकडे मांडत, ते दुसऱ्या ओळीत पळून जात. मग त्यांना एक युक्ती सुचली. उदाहरण सोडवायचं कशाला? जोडायचंच.

संध्याकाळी पाचला प्रयोगशाळा रिकामी व्हायची. आक्का खणांतून माल काढत, ब्रेडबोर्डच्या, म्हणजे जोडणीच्या पाटीच्या, भोकांत त्याचे पाय खुपसत, वीज सोडत आणि मीटर लावत. उत्तर समोर दिसे. एका तासात तीन उदाहरणं होत. दोन आठवड्यांत चाळीसही झाली. गणिताची एक ओळ न लिहिता.

फक्त एक अडचण होती. पुस्तकातली उत्तरं चुकीची होती.

सर लिहीत, डायोडवर ०.७ व्होल्ट. आक्कांचा मीटर ०.६२ दाखवी. म्हणून पुढे जिथे ४.३ हवे, तिथे ४.३८ येत. आक्कांनी डायोड बदलून पाहिला. मीटर बदलून पाहिला. ०.६२. फेटचं तर विचारूच नका. पुस्तकात उत्तर तीन मिलीअँपिअर. आक्कांनी एकाच पाकिटातले पाच फेट लावले, पाचांनी पाच आकडे सांगितले. एकाच आईची पाच पोरं, तशी ती पाच. आक्कांनी सरासरी काढली. २.८४.

त्यांना सरांची काळजी वाटली. एवढा मोठा माणूस आणि पुस्तकात एवढ्या चुका. कारकुनानेच घोळ घातला असणार. उगाच सरांचं नाव खराब. आक्का खणांना चिकटवायला पांढऱ्या कागदाच्या बारीक चिठ्ठ्या कापत असत. तशाच अडतीस चिठ्ठ्या त्यांनी कापल्या, वळणदार अक्षरात खरी उत्तरं लिहिली आणि एकेका उत्तरावर नीट डकवल्या. पुस्तक उघडून बघितलं तर कारकुनाचं अक्षर कुठलं आणि आक्कांचं कुठलं, कळू नये. आदर्श डायोडवाल्या उत्तरावर त्यांनी लिहिलं, 'माल उपलब्ध नाही.' दोनच उत्तरं तशी राहिली. तिथे सर मीटरशी जुळले होते. त्या दोन उत्तरांपुढे आक्कांनी 'बरोबर' असा शेरा मारला.

चांगलं काम झाल्याच्या समाधानात त्यांनी पुस्तक पुन्हा गजाला बांधलं.

तिथून ते एका पोराने नेलं. त्याने शेवटच्या पानांची झेरॉक्स काढली. दुसऱ्याने त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली. पोरांची परीक्षा आठ दिवसांवर होती.

परीक्षा झाली. आणि त्यानंतरच्या सोमवारी प्रयोगशाळेतून असा आवाज आला की आक्कांच्या हातातला खण खाली पडला.

"समजा!" सर ओरडत होते. "समजा, एकाचं चुकलं! समजा, दोघांचं चुकलं! चौसष्ट पोरांपैकी एकसष्ट जणांचं एकच उत्तर कसं चुकतं?"

पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"सात पूर्णांक बेचाळीस! हा आकडा आला कुठून? आणि रीत काय लिहिलीय! एकाने पंधरातून नऊ वजा केले, त्यात आपला हजेरी क्रमांक मिळवला, मग कशाने तरी भागलं आणि आणलेच सात पूर्णांक बेचाळीस! आणि हे नऊ महाभाग! पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय? माल उपलब्ध नाही! कुणाचा माल?"

"सर, पुस्तकात आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"माझ्या पुस्तकात?"

झेरॉक्स पुढे आली. सरांनी ती पाहिली. नंतर बराच वेळ नुसता खडू मोडल्याचा आवाज येत राहिला.

"शुक्रवारपर्यंत," सर शेवटी म्हणाले, "ज्याने हे केलं त्याने माझ्या केबिनमध्ये यायचं. नाहीतर एकसष्ट पेपर रद्द. सगळ्यांचं वर्ष गेलं असं समजा."

खिडकीमागे आक्का स्टुलावर बसल्या. पायाखाली रेझिस्टर पसरले होते. ते कधी नव्हे ते तसेच राहिले.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"परीक्षा कोण घेणार तुझी?" यजमानांनी विचारलं.

"तेच सर."

"आणि तू त्यांचं पुस्तक दुरुस्त केलंस."

"मला वाटलं, बरं वाटेल त्यांना."

"मी शिवलेला कोट कुणी न विचारता उसवून परत शिवला, तर मला बरं वाटेल का?"

"नीट शिवला असेल तर का नाही वाटणार?"

यजमानांनी कपाळावर हात मारला. सासूबाई म्हणाल्या, "गप्प राहा. पोरांच्या नावावर खपून जाईल."

"एकसष्ट आहेत, सासूबाई."

"मग काय झालं? वाटून घेतील."

आक्का हसल्या नाहीत. ती एकसष्ट पोरं रोज त्यांच्या खिडकीवर आपापले जळके तुकडे आणून कबुली देत होती. उलटा जोडला, जास्त व्होल्ट दिले, लक्ष नव्हतं. आता आपली पाळी आली तर खिडकी लावून घ्यायची? मंगळवारी सकाळी त्यांनी पुस्तक सुतळीसकट काखेत मारलं आणि केबिनचं दार ढकललं.

"सर, चिठ्ठ्या मी लावल्या."

सरांना आधी कळेना. आक्कांनी पुस्तक उघडून दाखवलं. सरांनी एका चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही? का?"

"मीटरशी जुळत नव्हतं."

"आक्का, ०.७ हे धरायचं असतं! डायोड कुठलाही असो, गणितापुरतं ०.७ समजायचं!"

"पण आपल्याकडचे ०.६२ चे आहेत सर. समजून कसं चालेल? पोरं आपलेच डायोड वापरतात ना?"

सरांनी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले असावेत. मग शांतपणे म्हणाले, "एक काम करा. सगळ्या चिठ्ठ्या काढा. माझी उत्तरं परत दिसू द्या. मी पोरांना सांगतो, प्रत काढताना घोटाळा झाला. आणि मग तुमच्या परीक्षेचं बघू."

एवढ्यावर निभावलं होतं. आक्कांनी मान डोलावली. नखाने एकेक चिठ्ठी काढू लागल्या. तेरा निघाल्या. मग बोट थांबलं.

"चौदावी नाही काढत सर."

"म्हणजे?"

"ती बरोबर आहे."

आपण हे बोललो, याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. तळघरातलं ते टेबल डोळ्यांसमोर आलं. पण चौदावं उदाहरण त्यांनी एकदा नाही, नऊ वेळा जोडलं होतं.

उदाहरण साधंच होतं. वरून पंधरा व्होल्ट. मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर. खाली नऊ व्होल्टचा झेनर आणि त्याच्या शेजारी आणखी एक हजार ओहमचा रेझिस्टर, तो म्हणजे लोड, वीज वापरणारा. लोडवर किती व्होल्ट? पुस्तक म्हणे नऊ. झेनर आहे म्हणजे नऊच. मीटर म्हणे ७.४२.

"चला," सर म्हणाले. "जोडा. माझ्यासमोर."

"तुम्हीच जोडा सर. मी जोडलं तर म्हणाल, हिनेच काहीतरी केलं."

प्रयोगशाळेत पोरं होती. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. समजासरांनी खडू खिशात ठेवला आणि बाह्या सारल्या. ब्रेडबोर्ड उलटा धरला, मग सुलटा धरला. बराच वेळ गेला. शेवटी वीज सोडली. मीटर म्हणाला, ७.४२.

"झेनर खराब आहे," सर म्हणाले. "दुसरा द्या."

आक्का आपल्या खिडकीमागे जाऊन उभ्या राहिल्या. सर खिडकीसमोर आले.

"जळका द्या सर."

"जळलेला नाही. खराब आहे."

आक्कांनी झेनर चिमटीत धरला, नाकाशी नेला. मग लोड न जोडता, वरच्या रेझिस्टरमधून त्याला पंधरा व्होल्ट देऊन मीटर लावून दाखवला. नऊ पूर्णांक एक. "ठणठणीत आहे. याच्या बदल्यात दुसरा कसा देऊ? नियम सगळ्यांना सारखा."

भिंतीकडून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. सर म्हणाले, "मी विभागप्रमुख आहे!" आक्कांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या जबाबदारीवर तीन झेनर दिले. सरांनी तिन्ही लावून पाहिले. ७.४२. ७.४२. ७.४१.

"का?" सर ब्रेडबोर्डलाच विचारत होते. मग मान वर केली. "आक्का, मीटर काय दाखवतो ते मला दिसतंय. का दाखवतो, ते सांगा."

 एखाद्या तुकड्याबद्दल 'का' हा प्रश्न आक्कांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांना विचारायचे, कुठल्या खणात.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "झेनरला काढून बाजूला ठेवा. आता काय उरलं? वर हजार, खाली हजार. पंधराची सारखी वाटणी. अर्धे वर, अर्धे खाली. म्हणजे झेनरच्या जागी येतात साडेसात. त्याला जाग येते नवाला. त्याच्या दारापर्यंत नऊ पोचतच नाहीत. मग तो काय करणार? झोपलाय. कुणी उठवलंच नाही त्याला."

सरांनी खिशातून खडू काढला. फळा लांब होता, म्हणून टेबलावरच लिहिलं. पंधरा भागिले दोन. साडेसात. नवापेक्षा कमी. खडू तिथेच थांबला.

"आपल्या रेझिस्टरांत थोडं उणं-अधिक असतं," आक्का समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या. "म्हणून बेचाळीस. कागदावर तुमचे साडेसातच खरे."

"एकोणीस वर्षं," सर म्हणाले. "एकोणीस वर्षं मी नऊ शिकवतोय. कुणी कधी विचारलं कसं नाही?"

"विचारतात की. दरवर्षी चौदावा प्रयोग आला की पोरं खिडकीशी येतात. झेनर खराब आहे म्हणतात. मी त्यांना सांगते, झेनर ठणठणीत आहे, उदाहरण खराब आहे."

बोलून झाल्यावर आक्कांनी जीभ चावली. भिंतीकडचा खोकला आता साथीसारखा पसरला.

सरांनी टेबलावरच्या साडेसातभोवती खडूने गोल काढला. मग त्यांनी एकसष्ट पेपर परत तपासायला घेतले. चौदाव्या उदाहरणाला ७.४२ लिहिणाऱ्या सगळ्यांना गुण मिळाले. हजेरी क्रमांक मिळवणाऱ्यालाही निम्मे मिळाले. नऊ लिहिणारे तिघेच होते. ते वर्गातले सगळ्यात अभ्यासू. झेरॉक्सच्या वाटेला न गेलेले. त्यांचे गुण गेले. तिघे तक्रार घेऊन आले, तेव्हा सरांनी त्यांना खिडकीकडे पाठवलं.

आक्कांना मात्र सर म्हणाले, "परीक्षा पुढच्या सोमवारी. दहा वाजता. मीटर मिळणार नाही."

"का सर? कुठे गेलाय?"

"कुठे गेला नाही. समजा, नाही."

"आहे की कपाटात."

"समजा, आक्का! परीक्षा गणिताची आहे. चौदावं जसं तोंडाने सांगितलंत, तसं कागदावर मांडा. आकडे मी नवे घालणार आहे."

त्या आठवड्यात खिडकीचा नियम बदलला. जळका द्या, चांगला न्या आणि जाता जाता एक पायरी शिकवून जा. एकसष्ट पोरं होती. एकाने समीकरण मांडायला शिकवलं. दुसऱ्याने कंस सोडवायला. तिसरा वर्गसमीकरण शिकवायला आला आणि त्याला स्वतःलाच येत नाही हे आक्कांच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडलं. तो शिकून परत आला. बुधवारपासून काही पोरं शिकवायला यायला मिळावं म्हणून चांगले डायोड मुद्दाम जाळून आणू लागली. आक्कांना वास सांगत होता, पण त्यांनी काणाडोळा केला.

फक्त आदर्श डायोड घशाखाली उतरेना. शनिवारी त्यांनी यजमानांपुढे हात टेकले.

"जे नाहीच, त्याचं गणित कसं करायचं हो?"

यजमान कापडाला खडूने खुणा करत होते. कोपऱ्यात लाकडी पुतळा होता. अंगावर कच्चा कोट, मान नाही, हात नाहीत.

"हा पुतळा कुणासारखा दिसतो गं?"

"कुणासारखाच नाही."

"असा माणूस कधी दुकानात आलाय?"

"आला तर मी पळून जाईन."

"पण कोट आधी याच्यावरच बसवतो मी. याच्यावर नीट बसला की मग खऱ्या गिऱ्हाइकाला इथे दोन टाके आत, तिथे दोन टाके बाहेर. रोज नवा माणूस उभा करून कापायला घेतलं, तर एक कोट पुरा होणार नाही."

आक्कांनी पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. नंतर म्हणाल्या, "हे तुम्ही मागच्याच महिन्यात का नाही सांगितलं?"

"तू मला दहा हजार म्हणाली होतीस," यजमान म्हणाले आणि परत खुणा करू लागले.

सोमवारी दहाला प्रयोगशाळेत एकच टेबल मांडलं होतं. कपाटाला कुलूप. सर समोर. पाच प्रश्न. पहिलाच आदर्श डायोडचा. आक्कांनी मनात पुतळा उभा केला आणि गणित सोडवलं. दुसरा, तिसरा झाला. चौथ्यात झेनर होता. आक्कांनी आधी तो जागा आहे का बघितलं. जागा होता. मग पुढे गेल्या.

पाचवा फेट. जास्तीत जास्त आठ मिलीअँपिअर. गेटवर उणे चार व्होल्ट आले की बंद. खाली एक हजाराचा रेझिस्टर. तर प्रवाह किती? आक्कांनी समीकरण मांडलं. कंस सोडवला. वर्गसमीकरण आलं. पोराने शिकवलं होतं तसं फोडलं. आणि पेन थांबलं.

उत्तरं दोन आली. दोन आणि आठ.

त्यांनी परत केलं. परत दोन आणि आठ. मीटर कधी असं करत नाही. तो एक काय ते सांगून मोकळा होतो. इथे दोघेही सारखेच खरे चेहरे करून बसले होते. आक्कांनी कपाटाकडे पाहिलं. कुलपाकडे पाहिलं. घड्याळात वीस मिनिटं उरली होती. पहिल्या चारांत किती मिळतील, याची खात्री नव्हती. हा प्रश्न आठ गुणांचा होता. म्हणजे खिडकी या एका उत्तरावर टांगलेली असू शकत होती.

त्यांनी डोळे मिटले. फेट चिमटीत धरल्यासारखी बोटं जुळवली. वीस मिनिटांपैकी बारा तशीच गेली. मग त्यांनी आठवर एक आडवी रेघ मारली आणि पेपर दिला.

सरांनी तिथेच तपासायला घेतला. आक्का उभ्याच. पहिल्या उत्तराशी सर थबकले. उत्तर बरोबर होतं. त्याखाली आक्कांनी लिहिलं होतं, 'सरांच्या म्हणण्यानुसार.'

"याचा एक गुण कापतो."

"कापा."

दुसऱ्यात गणित घसरलं होतं. तिसरं अर्धं बरोबर. चौथं पूर्ण. पाचव्याशी सर परत थांबले. लाल पेन हवेत.

"आठ का खोडलं? गणिताने तर तेही येतं. रीत लिहिलेली नाही."

"लिहायला जमेना सर. सांगू?"

"सांगा."

"आठ धरलं, तर खालच्या हजारावर आठ व्होल्ट पडतात. म्हणजे गेटवर उणे आठ. आणि तुम्हीच म्हणता, उणे चारला गेट बंद. बंद दाराला वर आणखी चार कड्या घातल्या आणि तरी सगळं गाव त्याच दारातून बाहेर पडलं, असं होईल ते. दोन धरलं तर गेटवर उणे दोन. दार अर्धवट उघडं. तेवढ्यातून तेवढेच जाणार. म्हणून दोन."

सरांनी पाचव्या उत्तराशेजारी आठपैकी आठ गुण लिहिले. मग बेरीज केली. बेरीज परत केली. सत्तावीस.

लागणार होते सोळा. सरांनी आक्कांचा सहायकपदाचा अर्ज पुढे ओढला, सही केली, तारीख घातली आणि खिडकीकडे एक नजर टाकली. तिथे दहा-बारा जणांची रांग लागली होती. सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या.

"आजपासून तुम्ही सहायक," सर म्हणाले. "मग खिडकी बंद का आहे? आणि हो, नव्या आवृत्तीची उदाहरणं संध्याकाळी पाठवतो. सगळी जोडून बघा. चिठ्ठ्या लावू नका. आधी मला सांगा."

"सगळी?"

"समजा, सगळी."

"समजा नको सर," आक्का दारातून म्हणाल्या, "नक्की किती ते सांगा. त्या हिशेबाने माल काढायचाय." आणि पळतच खिडकीकडे गेल्या.